दादाच्या सुखाबद्दल थोडा संशय

रत्नागिरीहून बोट आली की दुसऱ्या दिवशी सकाळी इब्राहिम खलाशी गिरगावातल्या आमच्या बिऱ्हाडी यायचा आणि त्याच्या खांद्यावर दादाने दिलेली करंडी असायची. तीत कधी आमसुलं, कधी फणसपोळी, कधी नुसतेच चार नारळ आणि वर खोचलेली अबोलीची वेणी... पावसाळ्यात बोटी बंद असत तेवढे दिवस सोडले तर यात कधी खंड पडला नाही. गेल्या मार्गशीर्षातल्या एका रविवारी इब्राहिम आला तो हात हलवीत. मी दारातच उभा होतो. माझ्या मनात पहिल्यांदा आलं ते असं, की या माणसाने करंडी वाटेत विकून खाल्ली. मी जरा चढ्या आवाजातच विचारलं, "करंडी कुठाय रे?" तो खाली बघत म्हणाला, "करंडी नाय, सायेब. दादा गेले काल. बंदरावर कळला, म्हनून मी पयला तुमच्याकडंच आलो." तरीसुद्धा क्षणभर मला वाटत राहिलं की हा करंडीचं काहीतरी लपवतो आहे. हा लेख अशा माणसाने लिहिलेला आहे, हे वाचकांनी ध्यानात ठेवलेलं बरं.

तार कचेरीच्या पत्त्यावर आली होती, ती सोमवारी हातात पडली. मी रत्नागिरीला पोचलो तोवर सगळं उरकलं होतं. तीन दिवसांच्या तापाचं निमित्त झालं आणि चाळिशीही न गाठलेला, कधी डोकं दुखलं म्हणून न झोपलेला माणूस गेला. चुलतभावाने अग्नी दिला होता. दादाला मूलबाळ नव्हतं.

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ विष्णू. बोटीने रत्नागिरीला उतरलेल्या पुष्कळांनी त्याला पाहिलेलं असणार, फक्त त्यांना त्याचं नाव ठाऊक नसेल. बोट धक्क्याला लागत नाही, दूर समुद्रात उभी राहते आणि उतारूंना पडावातून, म्हणजे होडीतून, किनाऱ्यावर आणतात, हे सर्वांना माहीत आहे. बोटीवर ज्याला मळमळलं नाही त्यालासुद्धा त्या शेवटच्या पडावात बोट लागते. पांढराफटक चेहरा करून तो वाळूवर पाय टेकतो तेव्हा त्याला देव, बायको, मुलं काहीही आठवत नाही, सोडा आठवतो. आमच्या वडिलांनी, म्हणजे अप्पांनी, हे बरोबर हेरलं होतं. बंदरावरून गावात चढणाऱ्या रस्त्याच्या कडेला त्यांनी जांभ्या दगडाची एक खोली बांधली आणि मुंबईहून सोड्याचं यंत्र आणून बसवलं. एकाने चाक फिरवायचं आणि दुसऱ्याने गोटीची बाटली पिंजऱ्यात अडकवून भरायची, असं ते काम. कारखाना म्हणावं असं त्यात काही नव्हतं, पण अप्पा कारखानाच म्हणत आणि आम्हीही म्हणू लागलो.

बाटली भरताना तोंडावर तारेच्या जाळीचा मुखवटा घालायचा असतो, कारण एखादी बाटली कच्ची निघाली तर फुटते आणि काचा तोंडावर येतात. अप्पा स्वतः मुखवटा घालत नसत. एका एप्रिलात लग्नसराईच्या गर्दीत बाटली फुटली आणि त्यांचा उजवा डोळा गेला. त्याच वर्षी आम्ही दोघे भाऊ मॅट्रिक पास झालो. दादा दोन वर्षांनी मोठा, पण विषमज्वराने आणि नंतरच्या अशक्तपणाने त्याची दोन वर्षं बुडाली, त्यामुळे आम्ही एकाच वर्गात आलो होतो. युरोपातली लढाई संपून तेव्हा दोन-तीन वर्षं झाली होती. आई आम्ही लहान असतानाच गेलेली. मुंबईच्या मामांचा निरोप आला की, एका मुलाला पाठवा. मामांच्या दोन खोल्यांत एकाचीच सोय होईल आणि साहेबाकडे शब्दही एकासाठीच टाकता येईल. सरकारी नोकरी, मागे पेन्शन. आणि इकडे एका डोळ्याच्या अप्पांना कारखान्यात एक माणूस हवाच होता. म्हणजे एकाने जायचं आणि एकाने राहायचं, इतकी ती सरळ गोष्ट होती.

सरळ गोष्ट आमच्या घरात सरळ होत नसे. अप्पांनी जेवताना एकदाच विचारलं, "कोण जातो?" दादा ताटाकडे बघत राहिला. मी दादाकडे बघत राहिलो. मोठा असताना धाकट्याने कसं बोलायचं, आणि धाकटा बसलेला असताना मोठ्याने आधी कसं मागायचं? अप्पा आमच्या दोघांकडे एका डोळ्याने आळीपाळीने बघून म्हणाले, "बरं तर. कौल लावू." आमच्याकडे मुलाला काय हवं ते मुलाला विचारण्याची रीत नव्हती, देवाला विचारण्याची होती. विहीर कुठे खणायची, मुलगी कोणत्या घरात द्यायची, गाय विकायची की ठेवायची, सगळं आमच्या मूळ गावच्या देवीला विचारून ठरे. गुरव देवीच्या पाषाणाला पाण्याने ओल्या केलेल्या पाकळ्या दोन्ही अंगांना चिकटवतो, प्रश्न मोठ्याने सांगतो आणि सगळे डोळे लावून बसतात. उजवीकडची पाकळी आधी पडली तर हो, डावीकडची पडली तर नाही.

लांज्याच्या अलीकडे आमचं गाव. बैलगाडीने आदल्या दिवशीच जाऊन मुक्काम केला. गाऱ्हाणं घालताना गुरवाने खड्या आवाजात देवीला विचारलं, थोरल्याला मुंबईस धाडायचा मानस आहे, धाडावा तर उजवा दे. आम्ही दोघे भाऊ खांबाला टेकून उभे होतो. बराच वेळ काहीच पडेना. मला आठवतं, दादाने डोळे मिटून घेतले होते आणि त्याच्या ओठावर घाम आला होता. मग डावी पाकळी सुटली. अप्पांचा चेहरा पडला, कारण थोरल्याने सरकारी नोकर व्हावं हे त्यांच्या मनात फार होतं. पण देवीपुढे कोण बोलणार? आठवड्याच्या आत माझी वळकटी बांधली गेली आणि मी मामांकडे गेलो. ज्या कचेरीत चिकटलो तिथेच अजून आहे.

आता माझ्या स्वभावाबद्दल. कचेरीत माझं काम आलेल्या कागदांतली विसंगती शोधण्याचं आहे. एका अर्जात वय निराळं, दुसऱ्यात निराळं, असं काही सापडलं की माझा दिवस बरा जातो. ही सवय नोकरीने लावली की सवयीमुळे नोकरी टिकली, हे मला सांगता येणार नाही. पण मुंबईत गेल्यापासून दोन गोष्टी माझ्या मनात पक्क्या झाल्या. एक म्हणजे, आपण इथे दुःखी आहोत. दुसरी, तिकडे दादा सुखी असणं शक्य नाही. माझ्याहून हुशार मुलगा, गणितात पहिला, अक्षर मोत्यासारखं, तो दिवसभर बाटल्या धुतो आणि त्यांच्या तोंडातल्या रबराच्या कड्या बदलतो. असा माणूस सुखी आहे म्हणतो तेव्हा त्यात कुठेतरी पाणी मुरत असलंच पाहिजे.

दर वर्षी मे महिन्यात मी रजा काढून जायचो आणि दादाला पाहायचो. पाहायचो म्हणजे तपासायचोच म्हणा ना. तो पहाटे उठून कारखाना उघडायचा. चाक फिरवणारा गडी आला नाही तर स्वतः चाक फिरवायचा, स्वतःच भरायचा. लेमनचा पाक त्याचा तोच करायचा, कुणाला हात लावू द्यायचा नाही. उन्हाळ्यात बाटल्यांवर ओलं गोणपाट टाकून ठेवायचा आणि तासातासाने त्यावर पाणी शिंपडायचा. एखाद्या तापट पाहुण्याला सांभाळावं तसं त्याचं हे चाललेलं असायचं. पडाव दिसला की बाहेर येऊन उभा राहायचा. कुणी बाई मुलाला कडेवर घेऊन धडपडत चढ चढत असेल तर तिच्या हातात आधी बाटली द्यायचा आणि मग विचारायचा, "कुठल्या तुम्ही? लागली का फार?" दुपारी कोर्टातले दोन-चार बेलीफ आणि कारकून सोडा प्यायला आले की त्यांची थट्टा करायचा. रस्त्यावरून जाणाऱ्यांना ओरडून हाक मारायचा आणि मोठ्याने हसायचा. मी एका कोपऱ्यात स्टुलावर बसून हे पाहायचो आणि मनात म्हणायचो, नाटक चांगलं वठवतोय. माझ्यासमोरच एवढा हसतो. मी नसताना काय करत असेल?

एकदा मी न राहवून विचारलं, "दादा, तुला कंटाळा नाही येत याचा?"

"येतो की," तो कडी बसवता बसवता म्हणाला. "पावसाळ्यात तर भयंकर येतो. बोट नाही, गिऱ्हाईक नाही, नुसतं यंत्राला तेल घालीत बसायचं."

"मग?"

"मग काय? कंटाळा आला म्हणजे दुःख झालं असं थोडंच आहे, सदू? तुलाही येत असेल."

मला कंटाळा नाही, दुःख होतं, हे मी त्याला सांगितलं. दर वर्षीच सांगायचो. रात्रीच्या जेवणाला वहिनी कुळथाचं पिठलं आणि भात वाढायची, आणि मी सुरू करायचो. साहेब कसा आहे, वरचा कारकून कसा आहे, दोन खोल्यांत कसं गुदमरायला होतं. आणि शेवटी माझं ठरलेलं वाक्य, "तुझं बरं आहे बाबा. खरं म्हणजे मलाच इथे राहायचं होतं. मला हा कारखाना आवडायचा. पण देवीच्या मनात नव्हतं." दादा पानात हात फिरवीत बसे आणि लवकर उठे. त्या उठण्याचा अर्थही मी लावून ठेवला होता, की याला मनातून माझ्या नोकरीचा हेवा वाटतो, मुंबईचं नाव निघालं की याच्याने बसवत नाही.

या तर्काला बळकटी देणाऱ्या आणखी दोन गोष्टी होत्या. इतक्या वर्षांत दादा एकदाही मुंबईला आला नाही. माझ्या लग्नासाठी यायचा प्रश्न नव्हता, कारण लग्न रत्नागिरीलाच झालं. पण माझ्या मुलीच्या बारशाला नाही, मी टायफॉइडने अंथरुणाला खिळलो तेव्हाही नाही. तेव्हा त्याने वहिनीला पाठवली, स्वतः आला नाही. मिठाच्या सत्याग्रहाच्या वर्षी त्याचे दोन मित्र मुंबईला निघाले आणि त्याला आग्रह करीत होते, तेव्हाही यंत्र बिघडल्याचं निमित्त सांगून तो राहिला. यंत्र चांगलं चालू होतं, हे मला नंतर कळलं. जे आपल्याला मिळालं नाही ते डोळ्यांनी बघायचं नाही, असा हा प्रकार असावा असं मी धरून चाललो. आणि दुसरी गोष्ट म्हणजे त्या करंड्या. भावाने भावाला खाऊ पाठवावा, ठीक आहे. पण पंधरा-सोळा वर्षं, बोटीमागून बोट? आमच्या कचेरीत कुणी विनाकारण मिठाई वाटू लागला की आम्ही त्याच्या टेबलावरचे कागद आधी तपासतो.

अप्पा गेले तेव्हाही माझा संशय वाढलाच. शेवटच्या आजारात मी त्यांच्या उशाशी बसलो होतो. ते एकदम म्हणाले, "माझ्या मनात निराळं होतं रे. पण झालं ते बरंच झालं. विष्णू सुखी आहे." मी म्हटलं, "कशावरून?" तर त्यांनी आपला एक डोळा माझ्यावर रोखला. मग म्हणाले, "तू कोर्टात जायला हवं होतंस." यावर दादा दाराशी उभा राहून हसला. त्याही वेळी मला वाटलं, हे दोघे मिळून काहीतरी जाणतात आणि मला सांगत नाहीत. कौलात काहीतरी काळंबेरं झालं असावं, ही शंका मला त्या दिवशी पहिल्यांदा आली आणि मग ती गेली नाही. अप्पांचा पडलेला चेहरा हा देखावाच असेल आणि धाकट्याला घराबाहेर काढण्यासाठी त्यांनीच गुरवाला सांगून ठेवलं असेल तर? मी दादाला एकदा म्हटलंही, "चल, देवीला जाऊन येऊ दोघे." तो म्हणाला, "तू जा. मला वेळ नाही." देवीचं नाव काढलं की या माणसाला कधीच वेळ नसायचा.

तेव्हा दादाचं तेरावं झालं, पाहुणे पांगले, आणि मी सर्व्हिस मोटारीने गावी गेलो. देवीचं दर्शन हे निमित्त. गुरव आता पार वाकला होता, पण त्याने मला ओळखलं. दादा गेल्याचं त्याच्या कानावर आलं होतं. पडवीत बसून त्याने पान जुळवलं, मी इकडचं तिकडचं बोललो आणि मग कचेरीत विचारतात तसं थेट विचारलं, "आमच्या वेळच्या कौलाचं तुम्हाला कुणी काही सांगितलं होतं का?"

तो सुपारीचं खांड तोंडात इकडून तिकडे फिरवीत म्हणाला, "आता सांगाया हरकत नाय. दोगंय गेले. तुमचा बापूस आदल्या सांजंला आला व्हता. म्हनला, थोरल्याला धाडायचाय, उजवीकडची पाकळी जरा कमी भिजव. बापूस गेला आनि घडीभरानं थोरला आला. मागल्या दारानं. रडायच्या घाईला आला व्हता. म्हनला, गुरवमामा, मला नाय जायाचा, डावा पाड. मिया मरंन तिकडं."

"मग तुम्ही काय केलंत?"

"मिया काय करनार? बापाचा आयकू का पोराचा? मिया दोनी पाकळ्या येकाच वाटीत भिजवल्या, येकसारक्या लावल्या आनि हात जोडले. देवीनं दिला तो कौल."

यावर मी विश्वास ठेवला का? नाही. कोणता गुरव म्हणेल की देवीच्या तोंडचा कौल मी फिरवला? त्याचा पोटापाण्याचा धंदा आहे तो. पण दादा मागल्या दाराने आला होता, एवढं मात्र खरं असणार. ते खोटं सांगून त्याला काय मिळणार? मोटार उशिरा होती म्हणून मी पुढच्या फाट्यापर्यंत चालत निघालो. ती चाल मी विसरणार नाही. सांगायला लाज वाटते, पण मला विलक्षण हलकं वाटत होतं. इतकी वर्षं मी समजत होतो की दादाच्या वाट्याचं चांगलं ते मला मिळालं आणि तो बिचारा ते गिळून हसतो आहे. प्रकार उलटाच होता! चांगलं ते त्याने आधीच काढून ठेवलं आणि उरलेलं माझ्या पदरात बांधून मला बोटीत बसवलं. माझं दुःख खरं होतं, त्याला कारण होतं, आणि त्या कारणाला आता नाव मिळालं होतं. करंड्यांचा हिशेबही लागला. मुंबईला तोंड न दाखवण्याचाही लागला. भाऊ मेल्यावर पंधराव्या दिवशी मी त्याच्यावर मनसोक्त रागावलो होतो आणि झपाझप चालत होतो.

घरी आलो तो वहिनी अंगणात तुळशीपाशी बसली होती. मी चपला काढायच्या आत सगळं बोलून टाकलं. दादा कसा लबाड निघाला, मला कसं घराबाहेर काढलं, आणि वर सोळा वर्षं सुखाने जगला. वहिनी ऐकत होती. माझं संपल्यावर ती म्हणाली, "मला ठाऊक आहे हे, भावोजी. लग्न झालं त्या पहिल्याच वर्षी ह्यांनी सांगितलंनी मला."

"तुला ठाऊक होतं?"

"मग? आणि सुखाने जगले ते खरंच आहे. कामात सुखी होते. मी डोळ्यांनी पाहिलंय. पण तुम्ही मे महिन्यात यायचात ना, की आधी आठ दिवस ह्यांना झोप नसायची. तुम्ही जेवताना म्हणायचात, मलाच इथे राहायचं होतं म्हणून. तो एक घास ह्यांच्या घशाखाली उतरत नसे. उठून परसात जाऊन बसायचे. म्हणायचे, मी त्याची जागा चोरली गं. मी म्हणायची, सांगून टाका एकदा. तर म्हणायचे, सांगितलं आणि त्याने विचारलं, आता देतोस का परत, तर काय सांगू? माझ्याने देववणार नाही."

 ती उठली आणि पायरीवर येऊन बसली.

"तापात असताना शेवटी शुद्धीवर आले तेव्हा एकच बोलले. कारखाना सदूचा आहे. त्याला पहिल्यापासून हवा होता. आता त्याला दे... तेव्हा भावोजी, तुम्ही या. जाऊबाईंना आणि मुलीला घेऊन या. घर आहे, यंत्र आहे, गिऱ्हाईक लागलेलं आहे. तुमच्या मनासारखं होऊ दे. पाहिजे तर पुन्हा कौल लावा, पण मला वाटतं आता कशाला?"

तिचं बोलणं अगदी साधं होतं. त्यात टोमणा नव्हता. मी तो शोधला, सवयीप्रमाणे, पण नव्हता. ज्या गोष्टीसाठी मी अर्धं आयुष्य हळहळलो ती माझ्यापुढे ठेवलेली होती. आता फक्त हो म्हणायचं होतं. आणि मी म्हणालो, "बघतो." मग म्हणालो, पेन्शनला अजून इतकी वर्षं आहेत, मध्येच सोडलं तर सगळंच बुडेल. मग मुलीची शाळा. मग आमच्या हिला इथली दमट हवा मानवत नाही. हिला ती उत्तम मानवते, ती देवरुखची आहे. एकामागून एक कारणं माझ्या तोंडून निघत होती आणि मी स्वतःच ती ऐकत होतो. कचेरीत एखादा अर्जदार असा बोलू लागला की मी पेन खाली ठेवतो आणि त्याच्या तोंडाकडे बघत राहतो. वहिनीने तसं माझ्याकडे पाहिलं. फार वेळ नाही, एकदाच. मग म्हणाली, "बरं."

मला यायचं नव्हतं. मॅट्रिकच्या वर्षीही इथे राहायचं नसावं. काय हवं होतं तेही मला ठाऊक नसावं, कारण मला कुणी विचारलं नव्हतं आणि मीही स्वतःला विचारलं नव्हतं. कचेरी मला तशी वाईट जात नाही. विसंगती सापडते, दिवस जातो, शनिवारी दोस्त जमतात. पण आपल्याला धाडलं, आपण निवडलं नाही, असं म्हणत राहण्यात एक सोय असते. आलेला प्रत्येक वाईट दिवस देवीच्या खाती टाकता येतो. दादाने आपल्या सुखासाठी मागल्या दाराने का होईना, पण जाऊन मागितलं. आणि मागितलं याची लाज सोळा वर्षं वागवली. मी कधीच काही मागितलं नाही आणि त्याच्या जिवाला घोर लावून ठेवला. त्याच्या सुखाचा मला जन्मभर संशय आला. माझ्या दुःखाचा एकदाही आला नाही.

पुढे मी वहिनीला सुचवलं की यंत्र विकून टाकू, चुलतभाऊ गिऱ्हाईक बघेल. ती म्हणाली, "विकायचं कशाला? मी आहे की." मी म्हटलं, लोक काय म्हणतील? बंदरावरचा रस्ता, बाईमाणूस, त्यात असा प्रसंग. ती म्हणाली, "लोक सोडा पितील." कड्या बसवायचं काम गेली दहा वर्षं तीच करत होती, पाकही तिला येत होता, आणि चाकाचा गडी होताच. तिला कारखाना हवा आहे का, हे आजवर कुणी विचारलं नव्हतं. मीही विचारलं नाही. तिनेच सांगितलं.

माझी बोट दुपारची होती. सकाळी गडी आला नाही म्हणून मी चाक फिरवलं. वहिनीने पदर कमरेला खोचला, जाळीचा मुखवटा बांधला आणि पहिली बाटली पिंजऱ्यात अडकवली. बाहेर बंदराकडून पडाव येताना दिसत होते. दादाची एक रीत होती, ती मला त्या दिवशीच वहिनीकडून समजली, कारण मे महिन्यात मी उशिरा उठत असे. दिवसाची पहिली बाटली तो विकत नसे. उंबऱ्यात उभा राहून स्वतः प्यायचा आणि आज कशी झाली आहे ते खरं सांगायचा. वाईट झाली असली तर पाक पुन्हा करायचा. वहिनीने मुखवटा वर केला, बाटलीची गोटी अंगठ्याने आत दाबली आणि ती माझ्या हातात दिली. मी उंबऱ्यात उभा राहून प्यायलो.

"कशी झालीय?" तिने विचारलं.

"छान," मी म्हणालो.

"खरं सांगा, भावोजी."

मी आणखी एक घोट घेतला. "गोड जास्त झालीय," मी म्हणालो.

वहिनीने मान हलवली, पाकाचं पातेलं पुढे ओढलं आणि त्यात पाणी घातलं.